लोकर गुंडाळलेलं बूच

हौदाला तडा गेला असता तर मी एवढी चिडले नसते. तडा गेला की सिमेंट लावावं, सुकू द्यावं, विषय संपला. आमचा हौद गळत होता तो बुचातून. आणि ते मेलं बूच काही केल्या निघत नव्हतं.

गारखेड्यात आम्ही राहायला आलो तेव्हा आजूबाजूला निम्मी शेतंच होती. मामांनी मेंढरं विकून प्लॉट घेतला. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते. उभा जन्म मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस, पण पोरगा वाळूजच्या कंपनीत लागला तसं म्हणाले, आता एका जागी राहून बघू कसं वाटतंय. घराला गवंडी लावला, हौद मात्र स्वतः बांधला. मागच्या अंगणात, छातीएवढा खोल. तळाच्या कोपऱ्यात लोखंडी पाइपाचं तोंड, त्यात रबरी बूच. हौद धुवायचा असला की बूच काढायचं, घाण पाणी पाइपातून बाहेरच्या नालीत जायचं. साधं काम. आमच्या घरात साधं राहिलं नाही, एवढंच.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला थट्टा वाटते. त्यात पैठणचं धरण इतकं जवळ! पण खरं आहे ते. पाण्याचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी थोडा वेळ नळ चालतो, मग पुढचा दिवस उजाडेपर्यंत साठवलेल्यावर भागवायचं. म्हणून घरात हौद. बाया लग्नाला जाणं टाळतील, पाण्याचा दिवस चुकवणार नाहीत.

मी मूळची पैठणजवळच्या खेड्यातली. गोदावरीकाठची पोर. पाणी पुरवून वापरायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. आई मी लहान असतानाच गेली. वडील होते, पण बाळंतपण वडिलांनी करायचं असतं का? त्यामुळं मला पहिल्या वेळेला दिवस गेले तेव्हा मी सासरीच राहिले. बायका विचारायच्या, "माहेरी नाही गेलीस?" आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

तेव्हाच ते झालं. पाण्याचा दिवस होऊन गेला होता, हौद काठोकाठ भरला होता, आणि बूच आपोआप निसटलं. आम्ही बघेपर्यंत सगळा हौद नालीतून वाहून गेला. मी घागर घेऊन लांबच्या हापशावर गेले. कुणाला सांगितलंही नाही. येताना चक्कर आली आणि भर रस्त्यात घागरीसकट आपटले. पोटातल्या लेकराला काही झालं नाही, देवाची कृपा. पण मामा त्या दिवशी जेवले नाहीत. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ताट वाढून ठेवलं तरी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून काळ्या लोकरीचं गाठोडं काढलं. मेंढरं विकताना शेवटची कातरलेली लोकर तेवढी जपून ठेवली होती त्यांनी. अंगणात बसून हातातल्या चातीवर ती कातली, बुचाला घट्ट गुंडाळली, बूच पाइपात बसवलं आणि वरवंट्यानं ठोकलं. माझ्या वाटण्याच्या वरवंट्यानं! म्हणाले, "लोकर पाण्यात फुगती. आता एक थेंब जाऊ देणार नाय ती."

आणि खरंच, गेला नाही. माझं बाळंतपण त्या हौदावर झालं. आत्याबाई रोज पहाटे चूल पेटवून पाणी तापवायच्या, मला पाटावर बसवून तेल लावायच्या, हंड्यानं पाणी ओतायच्या. मी म्हणायचे, "बास आता, किती पाणी वापरता?" तर मामा बाहेरून ओरडायचे, "ओत गं, ओत! हौद भरलाय!" आई असती तरी याच्यापेक्षा जास्त काय केलं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पण मामांचा स्वभाव एक. वर्षातून एकदा हौद धुवायला बूच काढायचे आणि परत बसवताना लोकरीचा आणखी एक थर चढवायचे. उगाच. "गळत नाही ना मामा, मग कशाला?" विचारलं की म्हणायचे, "असू दे. पक्कं असलेलं बरं." वर वरवंटा. पुढं त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, हौदात उतरणं बंद झालं, आणि ते बूच दुसऱ्या कुणाला निघेना. मग आम्ही काढायचंच सोडून दिलं. हौद धुतला की तळाचं पाणी तांब्यानं उपसायचं, फडक्यानं टिपायचं. असं किती वर्षं चाललं देव जाणे.

आणि बुचानं दगा दिला तो नेमका लेकीच्या बाळंतपणात. जिला मी पोटात वाढवत असताना त्याच्यावर लोकर चढली, तीच ही लेक. तिला मी मोठ्या हौसेनं माहेरी आणलं होतं. सव्वा महिना न्हाऊ-माखू घालायचं, एक काम करू द्यायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. मला मिळालं नाही ते तिला मिळायला पाहिजे, बस. बाळ झालं, मुलगा, गुटगुटीत. दोघं घरी आली. आणि दोन दिवसांत हौद कोरडा! लोकर धरून होती, पण आतलं रबर कुजलं होतं, त्याच्या चिरांतून पाणी पाझरत होतं. शेजारणीकडून कळशी-कळशी मागून बाळाच्या आंघोळीचं भागवलं. बाळंतिणीच्या अंगावर दोन तांबे. माझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

त्यात विहीणबाईंचा फोन आला. बाई काही वाईट नव्हत्या, पण स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "पाण्याची अडचण असली तर सांगा. बारशाला येऊ तेव्हा सोबत घेऊन जातो दोघांना. आमच्या विहिरीला भरपूर पाणी आहे."

त्यांचं बरोबर होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. बारशाच्या आधी पाण्याचा दिवस एकच येणार होता. तेवढ्यात बूच बदललं नाही तर लेक जाणार, आणि मी दारात उभी राहून बघणार.

पाण्याच्या त्या दिवशी नेमकी ह्यांची दुसरी पाळी होती, कंपनीची बस दुपारी. सकाळीच हे शहागंजात जाऊन नवं बूच घेऊन आले. दुकानदारानं आधीच सांगितलं होतं, "भाई, वो पुराने नाप का अब नै आता. ये जरा ढीला बैठेगा." ठीक आहे, ढिलं तर ढिलं, आधी जुनं तर निघू दे. हे हौदात उतरले, पकडीनं बुचाची कडी धरली आणि जोर लावला. कडी हातात आली. बूच जिथल्या तिथं.

मग रबरात स्क्रू फिरवून ओढून पाहिला. रबराचा भुगा पडला. बाहेरून सळई घालून ढकलावं तर पाइपाला जमिनीखाली वळण. हे घामाघूम होऊन वर आले नि म्हणाले, (मामांना हे दादा म्हणतात) "हे बूच नाही, दादांनी खुंटा गाडलाय. पाइपच फोडावा लागंल, उद्या माणूस आणतो."

"उद्या? पाणी आज आहे!"

"मग मी काय करू? बस चुकवू?"

आमची जुंपली. आत बाळ रडायला लागलं. हे डबा घेऊन निघून गेले. मी हौदाच्या काठावर बसले आणि खरं सांगते, मला रडू फुटलं. रागानं का कशानं कळेना. मामा ओट्यावर बसले होते. हातात रिकामी चाती, उगाच फिरवत होते. सांगायचं राहिलं. आमच्यात बाळाच्या कमरेला बांधायचा काळा दोरा, करगोटा, घरातल्या वडीलधाऱ्यानं स्वतः कातायचा असतो, आपल्या मेंढरांच्या लोकरीचा. मामांकडं गाठोड्यातली शेवटची मूठभर लोकर उरली होती. घोंगडी होती त्यांची, ती आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंगावर घातली. त्या मूठभर लोकरीचा करगोटा कातून त्यांनी नुकताच पुरा केला होता. पणतवाला देण्यासारखं त्यांच्याजवळ तेवढंच होतं, आणि त्याचं त्यांना किती अप्रूप! बारशाच्या दिवशी मी बांधणार, असं येईल त्याला सांगत होते.

मी त्यांच्यावरच उखडले. "मामा, तुम्ही बूच बसवलंय का पुरलंय? एवढी लोकर कोण गुंडाळतं?"

म्हातारा ढिम्म. म्हणाले, "रडाया काय झालं? वढून निघायचं नाय ते. म्यां गुंडाळलंय, तर उलगडावं लागंल. उतर खाली. दाभण घे, ऊन पाणी घे. शेव हुडक, लोकरीचं टोक."

"दिसत नाही मला कुठं शेव-बिव!"

"दिसत नाय तर बोटानं हुडक. मला कुठं दिसतंय?"

उतरले. पदर खोचला, चुलीवरचं बाळासाठी ठेवलेलं ऊन पाणी थोडं थोडं बुचावर सोडलं. मामा काठाला धरून वर उभे. गाळ बसून लोकर आणि रबर एकजीव झालं होतं, कुठं काय संपतंय कळत नव्हतं. दाभणाच्या टोकानं उकरत गेले. वरच्या थराचा नुसता चिखल, हातात घेतला की तुटत होता. मी शिव्या देत होते, मामांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ते फक्त विचारायचे, "गावली का शेव?" मी म्हणायचे, "नाय!" ते म्हणायचे, "गावंल." माझी नखं मोडली, पाठीचा काटा ढिला झाला. आणि मग लोकरीचं एक टोक बोटाला लागलं. ओढलं तर आलं. थोडं आलं, अडलं, पाणी सोडलं, परत आलं. खालच्या थराची लोकर, आतमध्ये दाबून राहिलेली, चांगली काळीभोर होती. हातभर, मग आणखी हातभर. मी गुंडाळा करून काठावर टाकत गेले. आणि एकदम बूच सैल झालं, हलवलं तर हललं. दोन्ही हातांनी धरून उपटलं आणि पाठीवर पडले.

"निघालं!" मी अशी ओरडले की लेक बाळाला घेऊन बाहेर आली.

नवं बूच घातलं. दुकानदार खरं बोलला होता. बोट जाईल एवढी फट. जुन्या साडीची पट्टी गुंडाळली, बादलीभर पाणी ओतून पाहिलं, पाझरलं. सुतळी गुंडाळली, पाझरलं. काठावरची जुनी लोकर चिखलात माखलेली, गाठी पडलेल्या, ती तशी गुंडाळता येईना. आणि तेवढ्यात गल्लीतून शेजारीण ओरडली, "पाणी आलं गं, पाणी आलं!" आमचा नळ आधी फुसफुसला, मग सुरू झाला. पाणी माझ्या पायाशी पडायला लागलं आणि पडेल तसं पाइपातून नालीत जायला लागलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

मामांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि करगोटा काढून माझ्याकडं धरला.

"मामा, हा बाळाचा आहे!"

"घे."

"नाही घेणार. दुसरं काही बघते मी."

"दुसरं काय बघती? पाणी चाललंय!" म्हातारा माझ्यावर पहिल्यांदाच खेकसला. "लेकराला आधी पाणी पायजे का दोरा? दोरा बाजारात मिळतोय. तुझी पोरगी उद्या गेली तर कुठल्या बाजारातून आणणार हाईस? गुंडाळ. पिळाच्या अंगानं गुंडाळ, उलटा नको."

घेतला मी. मऊ, नवा दोरा, कातताना तेलाचं बोट लावलेला. बुचाला फेर देत गेले आणि पाइपात बसवलं. मामा म्हणाले, "आता वरवंटा..." मी म्हटलं, "खबरदार वरवंट्याचं नाव काढाल तर!" टाचेनं दाबलं, अंगाचा सगळा भार टाकून. मामा भिंतीला धरून धरून नालीपाशी गेले, खाली बसले आणि पाइपाच्या तोंडाखाली आपला पंजा धरला. डोळ्यांना दिसत नव्हतं ना. मी हौदात उभी, पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं, आणि मी विचारतेय, "मामा?" ते म्हणाले, "थेंब थेंब हाय अजून. थांब, फुगू दे तिला." पाणी गुडघ्याला लागलं. "मामा, आता?" त्यांनी पंजा धोतराला पुसला, परत धरला. मग म्हणाले, "हात कोरडा हाय, पोरी."

माझा जीव भांड्यात पडला. मी तशीच पाण्यात उभी राहिले, नळ बंद होईपर्यंत.

त्या रात्री नाही, पण बारशापर्यंत रोज मला तो करगोटा घेतल्याचं टोचत राहिलं. मी गुलमंडीवरून काळा सुती करगोटा आणला, चांगला, मणी ओवलेला. मामांना दाखवला. त्यांनी चाचपला, "बरा हाय" म्हणाले आणि परत दिला. गुमान बसून राहायचे. लेकीलाही कळत होतं. ती बाळाला मुद्दाम त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवायची.

बारशाच्या आदल्या दिवशी मी चहाला पातेलं शोधतेय तर पातेलं नाही. मागं जाऊन बघते तर मामांनी तीन विटांवर ते चढवलेलं, खाली काटक्या, वर फेस. आत जुनी लोकर शिजतेय! मी काठावर टाकलेला गुंडाळा. त्यांनी तो उचलून ठेवला होता, चिखल झाडला होता, रिठ्याच्या पाण्यात उकळत होते.

"मामा! माझं चहाचं पातेलं!"

"दुसरं घेऊन देईन."

"आणि ही नालीतली घाण लेकराच्या कमरेला बांधणार?"

मामा काडीनं लोकर हलवत राहिले. मग म्हणाले, "नालीतली नाय ती, हौदातली हाय. तू पडली हुतीस ना रस्त्यात, तवा म्यां ही गुंडाळली. ह्या पोरीच्या मायसाठी गुंडाळलेली हाय, म्हणजे तुझ्यासाठी. तवापासनं पाणी धरून बसली. आता तिला बाहेर काढली, तर तिनं कुठं जायचं?"

मी खाली बसले आणि विस्तव सारखा केला. काटक्या ओल्या होत्या, धूर होत होता, त्यामुळं डोळ्यांत पाणी आलं तरी चालण्यासारखं होतं. पण मी धुराचं नाव कशाला सांगू? रडले मी. आई नसलेल्या पोरीसाठी एक माणूस वर्षानुवर्षं थरावर थर चढवत होता आणि मी त्यालाच शिव्या देत होते.

लोकर तीनदा धुतली, उन्हात वाळवली, मामांनी पिंजून परत कातली. बारशाला विहीणबाई आल्या. आल्या आल्या मागं जाऊन हौदात डोकावल्या, मी बघितलं. हौद भरलेला होता. पाळण्यापुढं बाया जमल्या, मामांना आणून बसवलं आणि त्यांनी खिशातून करगोटा काढला. विहीणबाई पण आमच्यातल्याच, मेंढरांच्या घरातल्या. दोरा बोटांत घेऊन बघताच म्हणाल्या, "जुनी लोकर दिसते. कुठली हो?"

मी मनात म्हटलं, मामा, गप्प बसा. पण ते कशाचे! सगळं सांगितलं, अगदी पातेल्यासकट. बाया हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी दोरा कपाळाला लावला, मामांच्या हातात परत दिला आणि नातवाला स्वतः उचलून त्यांच्यापुढं धरलं. "बांधा आजोबा," म्हणाल्या. मामांना गाठ दिसेना तर लेकीनं त्यांची बोटं धरून जागेवर नेली. मग विहीणबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सव्वा महिना झाला की कळवा. तोवर आम्ही काही न्यायला येत नाही."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हौदात ते बूच अजून तसंच आहे, आणि पाणी भरलं की मी अजून नालीपाशी जाऊन पंजा धरून बघते. मला दिसतं चांगलं, तरी धरते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाळाला पायांवर घेऊन आंघोळ घालत होते. हौदाचं पाणी, हंडाभर, हात आखडता न घेता. पाणी ओतलं तशी कमरेची लोकर भिजली, फुगली आणि त्याच्या एवढ्याशा पोटाला करकचून बसली. बाळानं भोकाड पसरलं. मी ओट्याकडं बघून ओरडले, "मामा, करगोटा फुगला हो!"

मामा तिथूनच म्हणाले, "फुगणारच. सैल बांध की जरा. लेकरू हाय ते, बूच नव्हं."